मज्जारज्जूची इजा: पाय हलतात का, एवढंच विचारून भागत नाही

चोपडा तालुक्यातल्या एका भावाचा प्रश्न आहे. त्यांचा धाकटा भाऊ, वय २६, उन्हाळ्यात धाब्यावर (घराच्या सपाट छतावर) झोपला होता. रात्री झोपेत उठला आणि कठडा नसलेल्या बाजूने खाली गेला. शेजाऱ्यांनी मोटारसायकलवर मध्ये बसवून त्याला तालुक्याच्या गावी नेलं, तिथून जळगावला. 'एल-१ बर्स्ट फ्रॅक्चर' (कमरेचा पहिला मणका चुरडणं) निघालं, ऑपरेशन झालं. आता तीन आठवडे होत आले. पाय उचलता येत नाहीत, उजव्या पायाचा अंगठा किंचित हलतो, लघवीची नळी आहे. ते विचारतात: मार पाठीला लागला तर पाय कसे गेले? अशी इजा कशाकशाने होते आणि ओळखायची कशी? मोटारसायकलवरून नेल्यामुळे जास्त नुकसान झालं का? आणि काकांचे हातपाय कुठेही न पडता हळूहळू कमजोर होत चालले आहेत, तेही हेच का?

दादा, आधी रचना समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. पाठीचा कणा वेगळा आणि मज्जारज्जू वेगळा. कणा म्हणजे हाडं: मानेचे ७ मणके, छातीच्या मागचे १२, कमरेचे ५, आणि खाली एकमेकांना जुळलेलं त्रिकास्थी व माकडहाड. या मणक्यांच्या मधल्या पोकळीतून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली उतरतो. मोठ्या माणसात तो साधारण ४५ सेंटीमीटर लांब आणि करंगळीपेक्षाही बारीक असतो. त्यातून शिरांच्या (रक्ताच्या नव्हे, संवेदना वाहणाऱ्या नसांच्या) ३१ जोड्या बाहेर पडतात. मेंदूचे हुकूम खाली जातात, स्पर्श, वेदना, गरम-थंड, भरलेल्या मूत्राशयाची जाणीव वर येते, सगळं याच वाटेने. आपल्याकडे प्रत्येकाच्या शेतात ठिबक आहे म्हणून सांगतो: नळी जिथे दबते तिथून पुढची सगळी झाडं सुकतात, अलीकडची नाही. इजेची पातळीही तशीच असते. मान गेली तर हात आणि पाय दोन्ही, पाठ गेली तर फक्त पाय. मानेच्या अगदी वरच्या भागात, तिसऱ्या ते पाचव्या शिरेपर्यंत, श्वासाच्या पडद्याची सूत्रं असतात. तिथे इजा झाली तर माणूस जागेवरच गुदमरू शकतो.

तुमच्या भावाच्या बाबतीत एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. मज्जारज्जू कण्याच्या टोकापर्यंत जात नाही. तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याजवळच संपतो, आणि तिथून खाली घोड्याच्या शेपटीसारखा दिसणारा शिरांचा झुबका लोंबतो. एल-१ म्हणजे नेमकी ती सीमा. तिथे रज्जूचं टोकही असतं आणि शिराही असतात. शिरा रज्जूपेक्षा चांगल्या सावरतात, म्हणून पायांच्या बाबतीत आशा ठेवायला जागा आहे. पण रज्जूच्या त्या टोकातच लघवी, संडास आणि लैंगिक कार्याचं केंद्र असतं. पाय सुधारले तरी लघवीचा त्रास मागे राहणं या जागेच्या इजेत नेहमी दिसतं. घरात सगळ्यांचं लक्ष पायांकडे आहे, ते साहजिक आहे. मला काळजी लघवीची आहे.

आता कारणं. पाठ्यपुस्तकात पहिलं नाव रस्ते अपघाताचं असतं. आपल्याकडेही मुंबई-आग्रा रस्त्यावर, धुळे-जळगाव-भुसावळच्या महामार्गावर, चाळीसगावच्या कन्नड घाटात ते होतातच, आणि रात्री दिवे नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवर मागून आदळलेली मोटारसायकल हा त्यातला फार वाईट प्रकार. पण गावखेड्यातून येणाऱ्या रुग्णांमध्ये उंचावरून पडलेलेच मला जास्त दिसतात. धाब्यावरून पडणं हा तर दर एप्रिल-मेमधला प्रकार. घरात ४४-४५ अंशांचा उकाडा, म्हणून सगळं घर वर झोपतं, कठडा नसतो, आणि रात्री लघवीला उठलेला माणूस अर्धवट झोपेत दिशा चुकतो. कोरड्या विहिरी, विहीर खोदताना यारीचा (माती वर ओढणाऱ्या यंत्राचा) दोर तुटणं, विजेचे खांब, चिंचेची आणि आंब्याची झाडं. धडगावकडे आमचूरसाठी कैऱ्या उतरवतात, त्या हंगामात तरणी पोरं फांदीसकट खाली येतात. तापीच्या डोहात किंवा विहिरीत पाण्याचा अंदाज न घेता सूर मारला की मानेचा पाचवा-सहावा मणका मोडतो. पाय आधी टाकून उतरलं असतं तर फार तर घोटा मोडला असता.

डोक्यावरच्या ओझ्याचंही सांगितलं पाहिजे, कारण हे कारण सहसा कोणी विचारतच नाही. रावेर-यावलकडे केळीचा घड चुंबळीवर घेऊन बांधावरून चालणारा मजूर पाय घसरून पडला, की घडाचं वजन सरळ मानेवर येतं. फळीवरून गोणी ट्रकमध्ये चढवणाऱ्या हमालाचंही तेच. पाऊस झालेल्या बांधावरून डोक्यावर ओझं न्यायला लावू नये, एवढं शेतमालकांनी पाळलं तरी काही माना वाचतील. मळणीयंत्रात ओढणी किंवा उपरणं अडकणं, बैलाने शिंगावर घेणं, भिंत अंगावर येणं ही कारणं कमी दिसतात, पण दिसतात.

उंचावरून पायांवर पडलेल्या माणसाची टाच मोडते आणि सगळे टाचेचाच फोटो काढतात. तो झटका टाचेतून वर चढत पाठ आणि कंबर यांच्या सांध्यापर्यंत जातो, बाराव्या मणक्यापर्यंत आणि एल-१पर्यंत. म्हणून टाच मोडली की कण्याचा फोटो काढायलाच सांगा, पाठ दुखत नसली तरी. आणि एक मणका मोडलेला सापडला म्हणून थांबू नये. दुसऱ्या पातळीवर आणखी एखादा मोडलेला असू शकतो.

लक्षणांकडे येऊ. सगळ्यांना माहीत असलेलं लक्षण म्हणजे 'मना पाय हालतस नही'. पण नेहमी इतकं सरळ नसतं. पहिल्या तासात माणूस एवढंच सांगतो की पाय जड झाले, मुंग्या येतात, कमरेखाली अंग आपलं वाटत नाही, छातीभोवती कोणी पट्टा आवळल्यासारखं वाटतं. काहींना स्पर्श कळतो पण टोचलेलं कळत नाही. काहींना एका पायात ताकद नसते आणि दुसऱ्या पायात गरम-थंड कळत नाही, हेही खरं असतं, सोंग नसतं. रज्जूच्या अर्ध्या बाजूलाच इजा झाली की असंच होतं. म्हातारी माणसं तोंडावर पडतात, कपाळावर खोक पडते, आणि पाय चालतात पण हात उचलत नाहीत. मानेचा एक्स-रे साधा दिसतो, कारण हाड मोडलेलंच नसतं. आधीच अरुंद झालेल्या पोकळीत रज्जू चिमटला जातो. अशा आजोबांना मुका मार म्हणून घरी पाठवलं जातं. लहान मुलांतही हाड शाबूत राहून रज्जूला इजा होऊ शकते. म्हणून फोटो साफ आहे, या एका वाक्यावर विसंबू नका. हातपायांत काहीही बदल असेल तर एमआरआय लागतो.

मानेची किंवा छातीच्या वरच्या भागाची इजा असेल तर रक्तदाब घसरतो, पण नाडी जलद होण्याऐवजी मंद होते आणि अंग गार न पडता उबदार राहतं. रक्तस्राव झालेल्या माणसात याच्या उलट चित्र असतं. पुरुषाचं लिंग आपोआप ताठ राहणं हेही गंभीर इजेचं लक्षण आहे. लाजेपोटी नातेवाईक ते सांगत नाहीत, पण डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे.

आणि लघवी. पडल्यावर पाच-सहा तासांत लघवी झाली नाही, लागल्याची जाणीवही नाही, ओटीपोट फुगलेलं आहे, तर रज्जूचा विचार आधी करायचा. काही वेळा कपडे ओले होत राहतात आणि घरचे म्हणतात, लघवी तर होते आहे. ती होत नसते. मूत्राशय काठोकाठ भरून जास्तीची गळत असते, आणि आतला दाब मागे मूत्रपिंडांवर जात असतो. एकेकाळी या इजेतून वाचलेले बहुतेक लोक पुढे मूत्रपिंडं निकामी होऊन आणि पाठीच्या जखमा सडून दगावत. हे बदललं ते दुसऱ्या महायुद्धात, इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे १९४४ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी अशा जवानांसाठी विभाग सुरू केला तेव्हापासून. कूस बदलणं, मूत्राशय सांभाळणं, बसवणं, खेळायला लावणं, अशा गोष्टींनी माणसं जगू लागली. पुढे सुरू झालेल्या, दिव्यांग खेळाडूंच्या पॅरालिम्पिकचं मूळही तिथेच, १९४८ सालच्या स्पर्धेत आहे.

मोटारसायकलचा प्रश्न. तुमच्या शेजाऱ्यांना दोष देऊ नका. त्यांनी रात्री धावून येऊन जे सुचलं ते केलं, आणि त्यामुळे नुकसान वाढलं की पडताक्षणीच सगळं झालं होतं, हे आता कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण पुढच्या वेळी गावात कोणी पडलं तर असं करू नका, हे मात्र ठामपणे सांगतो. मोडलेला मणका आणि शाबूत रज्जू, अशी अवस्था पुष्कळांची असते. त्याला दोघांनी बगलेत आणि गुडघ्यात धरून उचललं, मध्ये वाकवून बसवलं, की मोडलेलं हाड रज्जूत घुसतं. बाजेवर टाकून नेणंही चुकीचं, कारण सैल विणीची बाज मध्ये झोळ खाते. १०८ला फोन करा आणि येईपर्यंत त्याला जिथे आहे तिथेच पडू द्या. आग, पाणी, वाहनं असा धोका असेल तरच हलवा. एकाने डोकं दोन्ही हातांत धरून मान सरळ ठेवायची, बाकी तिघांनी खांदा, कंबर, पाय एकाच वेळी वळवून त्याला सपाट फळीवर किंवा काढलेल्या दारावर घ्यायचं. उलटी येत असेल तर नुसती मान फिरवायची नाही, सगळं अंग एकत्र कुशीवर करायचं. पाणी पाजायचं नाही. आणि एक गोष्ट कागदावर लिहून ठेवा: पडल्यावर लगेच पाय हलत होते का, आणि किती वाजता थांबले. सुरुवातीला हलणारे पाय वाटेत थांबले असतील तर आत दाब वाढतो आहे, आणि शल्यचिकित्सक किती घाई करतील ते त्या एका ओळीवर ठरू शकतं. दाब काढायचा असेल तर शक्यतो पहिल्या २४ तासांत काढलेला चांगला. हाडवैद्यांकडे मनगट, घोटा घेऊन जाणारी घरं आपल्याकडे आहेत, मी त्यावर वाद घालत नाही. कणा मात्र ओढून बसवायची गोष्ट नाही.

ऑपरेशनने काय होतं, हेही स्पष्ट सांगतो, कारण बऱ्याच घरांची समजूत वेगळी असते. स्क्रू आणि सळ्या हाडाला आधार देतात, रज्जूवरचा दाब काढतात, माणसाला लवकर बसवता येतं. रज्जू त्यांनी शिवला जात नाही. पुढे जे परत येतं ते शिल्लक राहिलेल्या तंतूंच्या बळावर. म्हणूनच डॉक्टर गुदद्वाराजवळ स्पर्श कळतो का, ते आकुंचन पावतं का, हे तपासतात. कळत असेल तर इजा अपुरी, म्हणजे काही तंतू वाचलेले. पहिल्या एक-दोन दिवसांत मात्र यावर निकाल देता येत नाही. त्या काळात रज्जू धक्क्यात असतो, इजेखालचं सगळं लुळं आणि निपचित असतं. तुमच्या भावाचा अंगठा हलतो आहे, ही खरोखर चांगली खूण आहे. सर्वांत जास्त सुधारणा पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दिसते, नंतरही वर्ष-दीड वर्ष थोडी थोडी होत राहते. जमीन विकून 'स्टेम सेल'चं इंजेक्शन घ्यायला कोणी सुचवेल. रज्जू पुन्हा जोडणारा सिद्ध झालेला असा उपचार आज कुठेही विकत मिळत नाही. ते पैसे चांगली व्हीलचेअर, हवेची गादी आणि फिजिओथेरपी यांवर खर्च करा.

आता घरी काय बघायचं. कायमची नळी सोयीची वाटते, पण डॉक्टरांना दर चार ते सहा तासांनी स्वच्छ नळी घालून लघवी काढण्याची पद्धत शिकवायला सांगा. हात चांगले असलेला तरुण ती स्वतः शिकतो. एका वेळी ४००-५०० मिलीपेक्षा जास्त साचू देऊ नये. दर दोन तासांनी कूस बदला. माकडहाड, टाचा, खुब्याचं हाड रोज उजेडात बघा. दाबूनही न जाणारी लाली म्हणजे जखमेची सुरुवात. बसता यायला लागला की हातांवर जोर देऊन बूड थोड्या थोड्या वेळाने उचलायला लावा. मध्ये भोक असलेली रबरी रिंग वापरू नका, कडेचा रक्तपुरवठा तिनेच तुटतो. हिवाळ्यात शेकोटीजवळ पाय ठेवून बसू देऊ नका, उन्हात तापलेल्या मोटारसायकलच्या सीटवर बसवू नका, गरम पाण्याची पिशवी पायांना लावू नका. भाजल्याचं त्याला कळणारच नाही. एका पायाची पोटरी अचानक सुजली तर चोळू नका, रक्तवाहिनीत गुठळी असू शकते, त्याच दिवशी दाखवा. लग्न आणि मूलबाळ यांबद्दल तो स्वतः विचारायला लाजेल. डॉक्टरांशी एकट्याने बोलायची संधी त्याला द्या, कारण यावर उपाय आहेत आणि अशा इजेनंतर संसार करणारी माणसं आहेत.

ज्यांची इजा छातीच्या सहाव्या मणक्याच्या किंवा त्याहून वरच्या पातळीवर आहे, त्यांच्यासाठी दोन गोष्टी. तुमच्या भावाला त्या लागू नाहीत, पण वाचणाऱ्यांत कोणाच्या तरी घरी असा रुग्ण असेल. पहिली, आपला उन्हाळा. इजेखालच्या अंगाला मेंदूच्या हुकमाने घाम येत नाही, म्हणून मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पडलेल्या अशा माणसाला जंतुसंसर्ग नसतानाही ताप चढतो आणि उष्माघात होऊ शकतो. ओले पंचे, पंखा, पाण्याचा फवारा, आणि दुपारी घरातली सगळ्यात गार जागा त्याची. दुसरी, अचानक कपाळ फुटेल असं डोकं दुखणं, चेहरा लाल, इजेच्या वरच्या अंगाला दरदरून घाम, रक्तदाब एकदम वर. त्याला ताबडतोब उठवून बसवा, कपडे सैल करा आणि लघवीची नळी दुमडली किंवा तुंबली आहे का ते बघा. बहुतेक वेळा कारण तिथेच असतं, नाहीतर साचलेल्या संडासात. या लोकांचा नेहमीचा रक्तदाब कमी, ९०-१००च्या आसपास असतो, त्यामुळे १४० सुद्धा त्यांच्यासाठी जास्त. हे तुमच्या गावच्या डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा. कारण काढलं आणि तरी दाब उतरला नाही तर दवाखाना.

कागदपत्रांचंही थोडं. सुधारणा स्थिरावली की जिल्हा रुग्णालयातून दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढा. शेतकरी कुटुंब असाल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत हे बसतं का, ते तालुका कृषी कार्यालयात लगेच विचारा. उशीर झाला की अर्ज अडतात.

राहिले काका. रज्जू फक्त पडण्यानेच दुखावतो असं नाही. क्षयरोग मणक्यात होतो, तो आपल्या भागात अजून भरपूर आहे. महिनोन् महिने पाठदुखी, रात्री जास्त, संध्याकाळची कणकण, वजन उतरणं, मग पाठीवर टेंगूळ आणि पाय लुळे पडणं. पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली या रोगाचं वर्णन केलं. आज त्याची औषधं सरकारकडून मोफत मिळतात, वर्षभर किंवा त्याहून जास्त घ्यावी लागतात, आणि वेळेत सुरू झाली तर लुळे पडलेले पायही पुष्कळदा परत येतात. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्यांची पाठदुखी 'ती नेहमीचीच' म्हणून सोडून देतात आणि मागे क्षय लपून राहू शकतो, तेवढं तिथल्या मंडळींनी लक्षात ठेवावं. रज्जूवर दाब आणणाऱ्या गाठी, रज्जूचा दाह, शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता, हीही कारणं आहेत. बी-१२ कमी असलेला माणूस उजेडात नीट चालतो आणि अंधारात किंवा तोंड धुताना डोळे मिटले की तोल जातो. आणि कंबरदुखीच्या रुग्णाला दोन्ही पायांत कळ येऊ लागली, बसायच्या जागी बधिरपणा आला, लघवी अडली, तर ती त्याच रात्री दवाखान्यात जायची वेळ आहे. सोमवारची वाट बघायची नाही.

पण तुम्ही काकांबद्दल लिहिलं आहे की त्यांना सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत, घास सांडतो, आणि चालताना पायातली चप्पल निघून मागे राहते तरी कळत नाही. ६२ वर्षं वय, मान फारशी दुखत नाही. हे वर्णन मानेतल्या झिजेने रज्जू दाबला जाण्याचं आहे. दुखत नाही म्हणून घरचे याला म्हातारपण समजतात. तसं ते नसावं, आणि थांबलात तर गेलेली ताकद पुढे ऑपरेशननंतरही पूर्ण परत येईलच असं नाही. या आठवड्यात त्यांना कण्याच्या तज्ज्ञाला दाखवा आणि मानेचा एमआरआय करून घ्या, सोबत बी-१२ची तपासणी. लघवी रोखता येते का, धार कमी झाली आहे का, हे त्यांना एकट्यात विचारा. वय झालेली माणसं ते प्रोस्टेटवर ढकलतात. तोपर्यंत मालिश नको, मानेला झटका देऊन 'मोकळी' करणं नको, न्हाव्याकडेही नाही. दुचाकीवर मागे बसणं बंद, आणि रात्री त्यांची बाज धाब्यावर न चढवता अंगणात टाका.